सीबातीखालून गेलेले पाणी

गल्लीच्या एका बाजूच्या घरातली खोली वाढत वाढत पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली, तर तिच्याखालून जाणारा माणूस छताखाली असतो की रस्त्यावर? हलब या अरबी शहरात अशा खोलीला सीबात म्हणतात, आणि जुन्या मोहल्ल्यांत वळणावळणाला एखादी सीबात भेटते. प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न पुष्कळांना विचारला. गवंडी म्हणाला, छत. काझीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, वर राहणाऱ्याला जमीन, खालून जाणाऱ्याला वाट. सीबातीखाली जन्मभर ज्येष्ठमधाचे सरबत विकत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "छप्पर असतं तर घरमालकानं भाडं नसतं का मागितलं?" तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतील, लेखकाला त्यांतले एक निवडता आलेले नाही. सन १७४८ च्या वसंतात, टोळधाडीच्या वर्षी, सत्तूफ नावाच्या एका भिश्त्याचे जगणे-मरणे याच प्रश्नावर येऊन ठेपले, आणि तेव्हा तो निवांतपणे विचारायला कोणालाच सवड नव्हती.

सत्तूफ बांकूसा मोहल्ल्यातला. वेशीबाहेरची ही वस्ती खाटकांची, कातडी कमावणाऱ्यांची, उंटवाल्यांची. तिथले भांडण तोंडाने सुरू झाले तरी तोंडाने संपत नसे. सत्तूफचा बाप विहिरीवरच मेला: पाळी कोणाची यावरून शब्द वाढला आणि कोणीतरी रहाटाचा दांडा काढून त्याच्या डोक्यात घातला. मुलाने बापाची मसक, पाणी वाहायची कातडी पिशवी, उचलली आणि त्याच विहिरीवर उभा राहिला. विशीत असताना रांगेत घुसणाऱ्या एका भिश्त्याच्या कानाची पाळी त्याने दातांनी तोडली, बाजूला थुंकली आणि पुन्हा दोर ओढायला लागला. त्याची बायको शम्सा शेजारणींना सांगे, "लग्नात आईनं सगळं दिलं, कानातले तेवढे दिले नाहीत. म्हणाली, त्या घरात ते धोक्याचं." त्यांचा पहिला मुलगा दीब देवीच्या साथीत गेला होता, तरी लोक सत्तूफला अबू दीब, दीबचा बाप, असेच म्हणत. शम्साचा भाऊ कद्दूर खाटीक होता, आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या खाटकांप्रमाणे त्याचेही नाव जानिसारींच्या, म्हणजे सुलतानाच्या पायदळाच्या, फौजेत लावलेले होते.

सत्तूफचे एक रोजचे गिऱ्हाईक म्हणजे फिरंगी व्यापाऱ्यांची सराई. तिथे वर्दान नावाचा हकीम राही. मूळ नाव वॉर्डेन की असेच काही. ते हलबच्या जिभेवर टिकले नाही. गेली काही वर्षे हा हकीम शहराविषयी एक ग्रंथ लिहीत होता. शहराचा इतिहास नव्हे, सुलतान नव्हे, वली नव्हे. हवा, पाणी, काकड्या, कुवैक नदीतले मासे, गालावर वर्षभर चिघळणारे इथले गळू, कुत्र्यांच्या जाती, पाखरे येण्या-जाण्याचे महिने. माणसेही त्यात होती, पण सशाच्या पुढे आणि कोल्ह्याच्या मागे. पाहिलेल्यापलीकडे एक अक्षर लिहायचे नाही, हा त्याचा नेम होता. त्यासाठी तो प्राणी मागवी आणि चिरून आतून पाही. लोक त्याला हकीम चिरफाड्या म्हणत. कासव, वाम, साळिंदर असे काही लागले की तो सत्तूफला सांगे.

एकदा सत्तूफने जिवंत तरस आणला. हकिमाला त्याचे काळीज चालू असताना पाहायचे होते. पाय बांधलेले होते, पण तोंडाची दोरी सुटली आणि तरसाने नोकराच्या पोटरीचा लचका तोडला. सत्तूफ तरसाच्या मानेवर बसला, मसकीचा पट्टा गळ्याभोवती आवळला आणि जीभ काळी पडेपर्यंत उठला नाही.

"मारलास," हकीम हिरमुसून म्हणाला. "मेलेला मला काय कामाचा?"

"पुढच्या वेळी मानेवर तुम्ही बसा, हकीम. पोटरी मी देतो."

हकीम हसला. दोघांचे एकमेकांशी बरे जमत असे.

त्या वसंतात पूर्वेकडून टोळ आले. आधी आभाळ पिवळसर झाले, मग जवाच्या शेतांवर तो आवाज सुरू झाला, कोरड्या गवताला आग लागल्यासारखा. पिस्त्याच्या झाडांची सालसुद्धा उरली नाही. अशा वर्षी काय करायचे ते हलबला ठाऊक होते. फार लांबच्या, अजम मुलखातल्या डोंगरातल्या एका झऱ्याचे पाणी आणायचे. ते पाणी जिथे टांगलेले असेल तिथे समरमर पक्षी येतात. ही आपल्याकडे जिला भोरडी म्हणतात तीच जात, काळे डोके आणि गुलाबी अंग. समरमर टोळ खातो त्याहून अधिक मारतो. पोट भरले तरी त्याची चोच थांबत नाही. मात्र पाण्याचे दोन नेम कडक. झऱ्यापासून मिनारापर्यंत ते जमिनीवर टेकता कामा नये, आणि छताखालून जाता कामा नये. म्हणून दरवेशी ते खांद्यांवरून, उघड्या माळावर जागून आणीत, आणि वेशीची कमान टाळण्यासाठी तटावरून दोराने वर ओढून शहरात उतरवून घेत.

तटापासून मशिदीपर्यंत ते कोणी वाहायचे, यावर त्या वर्षी शहर दुभंगले. हिरव्या फेट्याचे शरीफ म्हणाले, पैगंबरांच्या वंशजांनीच. जानिसारी म्हणाले, तटाचे राखणदार आम्ही. भिश्त्यांच्या शेखने तोड काढली: पाणी आहे, भिश्ती वाहील. आणि त्याने सत्तूफचे नाव सांगितले, कारण सत्तूफची आई हिरव्या फेट्याच्या घरातली होती आणि मेव्हणा जानिसारी.

"म्हणजे दोघांनाही तुला अर्धा अर्धा मारता येईल," शम्सा म्हणाली.

"मसक छोटी आहे. करडाच्या कातड्याची. छातीशी धरली की झालं."

"छातीशी धरशील तेव्हा हात कुठे असतील, अबू दीब? तू हातांशिवाय भांडलेला मी पाहिलेला नाही."

मिरवणूक निघाली ती डफांच्या आवाजात. दरवेश्यांनी मसक दोराला बांधली, ती तटावरून झुलत आत उतरली आणि सत्तूफने वरच्या वर झेलली. छताचे बाजार टाळून, लांबच्या वाटेने, उघड्या रस्त्यांतून लोक चालू लागले. फिरंग्यांच्या सराईपाशी एका तरुण शरीफाने पुढे होऊन म्हटले, इथून पुढे तरी मसक आमच्या खांद्यावर येऊ दे. एका खाटकाने त्याला ढकलले. त्याचा हिरवा फेटा सुटून घोड्यांच्या लिदीत पडला.

खाटकांचे सुरे कमरेलाच होते. शरीफांच्या अंगरख्यांतून खंजीर निघाले, छपरांवरून पिस्तुले वाजली. फेटा पडलेल्या त्या तरुणाच्या गळ्यात सुरा शिरला आणि तो सत्तूफच्या पायांवरच कोसळला. त्याला ओलांडताना सत्तूफने मसक डोक्याच्या वर धरली, रक्त उडू नये म्हणून. एकाने ती ओढली. सत्तूफचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने कपाळ मारून त्याचे नाक फोडले. दुसऱ्याने तलवार चालवली आणि डावा दंड हाडापर्यंत उघडा पडला. मसक सुटली नाही. समोर माणसांची भिंत होती, पाठीशी सराईची. उजवीकडे एक गल्ली होती. सत्तूफ त्या गल्लीत शिरला, धावला, पलीकडच्या तोंडाने बाहेर पडला, मशिदीच्या भिंतीशी सोडलेला दोर गाठला आणि मसक बांधली. ती मिनारावर चढताना पाहिली आणि मगच खाली बसला. गल्लीच्या मधोमध एक सीबात होती. लहानपणापासून तो तिच्याखालून पाणी वाहत आला होता.

रस्त्यावरची प्रेते उचलायला दुपार उलटली. पण काही दिवसांतच समरमर आले. थव्यामागून थवे आले आणि शेतांवर उतरले. पक्ष्यांनी टोळांचे तुकडे तुकडे केले. बांधांवर नुसत्या पंखांचा आणि तंगड्यांचा खच पडला. बायका घरांच्या गच्च्यांवरून आनंदाने किलकारल्या. सत्तूफला लोक रस्त्यात थांबवून दंडाचे चुंबन घेत, आणि तो शिव्या देई, कारण दंड दुखत होता.

तो दंड शिवला हकीम वर्दाननेच. शिवताना तो खुशीत होता.

"सत्तूफ, त्या दिवशी मी सराईच्या गच्चीवर होतो. तू छताखालून गेलास."

"कुठल्या छताखालून?"

"ती गल्ली. तू एका तोंडानं आत गेलास, दिसेनासा झालास, दुसऱ्या तोंडानं निघालास. वर खोली आहे. खोलीत एक बाई गालिचा झटकत होती."

"ती सीबात आहे."

"म्हणजे छत."

"म्हणजे गल्ली, हकीम. गल्लीला पाऊस लागतो, ऊन लागतं, सीबात लागते."

हकिमाच्या अरबीत डोक्यावरच्या आडोशाला एकच शब्द होता, सक्फ, छत. तो त्याने पुन्हा वापरला. "पाणी छताखालून गेलं, तरी पक्षी आले. म्हणजे पाण्याचा आणि पक्ष्यांचा संबंध नाही. हे कोणीच आजवर पाहिलेलं नाही. माझ्या ग्रंथात याला जागा मिळेल."

सत्तूफ म्हणाला, "तुमच्या भाषेत लिहा काय लिहायचं ते. आमच्यात बोलू नका."

"खरं ते दोन्हीकडे खरंच असतं."

"दोन्हीकडे सुरे नसतात," सत्तूफ म्हणाला.

पक्षी गेले. नेहमीपेक्षा लवकर गेले, असे म्हातारे म्हणत. जमिनीत घातलेली अंडी फुटली आणि बिनपंखांचे काळे टोळ रांगत निघाले. विहिरींत पडले, पाळण्यांत चढले, मागून पेरलेला जवसुद्धा त्यांनी मुळापासून खाल्ला. समरमर परत आले नाहीत. भाकरीच्या दुकानांपुढे मारामाऱ्या सुरू झाल्या; एका भटारखान्याच्या मालकाला लोकांनी त्याच्याच भट्टीच्या तोंडाशी धरून भाजले. लोकांना कारण हवे होते.

त्याच दिवसांत हकीम यासीन एफेंदी नावाच्या एका शरीफाच्या घरी औषध द्यायला जात असे. दंग्यात गळा चिरलेला तो तरुण या एफेंदीचा धाकटा भाऊ. आजाऱ्याचे मन रमवावे म्हणून, कॉफी पिता पिता, हकिमाने आपला शोध त्याला सांगितला. पाणी छताखालून गेले, मी या डोळ्यांनी पाहिले, आणि तरी पक्षी आले. आहे की नाही गंमत. एफेंदीने गोष्टीचा पुढचा भाग ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कद्दूर बहिणीच्या घरी आला. दारातच उभा राहिला.

"अबू दीब, गावात काय बोलतायत ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू गेलास का छताखालून?"

"नाही. कुराणावर हात ठेवतो."

कद्दूरने श्वास सोडला. "बस. एवढंच चौकात येऊन म्हण."

"म्हणेन. पण त्यांनी सीबातीचं विचारलं तर काय सांगू? तिच्याखालून गेलो होतो."

"गाढवा," कद्दूर सावकाश म्हणाला. "माझी पाच शेतं गेली. अख्खा जव. आणि तू मला गवंडीकाम शिकवतोस?"

"नाही म्हण," शम्सा म्हणाली. "गेलो नाही म्हण. कोणी पाहिलं? एका फिरंग्यानं. त्याची साक्ष कोण धरतो?"

"गेलो नाही म्हणालो की सीबात छत ठरली. मग इतकी वर्षं मी घरोघर चोरट्या वाटेनं पाणी नेलं का? मी गल्लीतून गेलो. गल्लीतून गेलो असंच म्हणणार."

"तुझं हे डोकं तुझ्या बापासारखंच फुटणार," शम्सा म्हणाली, आणि मीठ शोधायच्या निमित्ताने आत गेली.

शुक्रवारच्या नमाजानंतर ते आले. पुढे एफेंदीची माणसे, मागे भुकेलेला मोहल्ला. सत्तूफला विहिरीवरून ओढून त्याच सीबातीपाशी आणले. एका गवंड्याला उभे केले होते. त्याने वर पाहिले, तुळया मोजल्यासारखे केले आणि सांगितले: छत.

"पाऊस पडला तर इथं तू भिजतोस का?" एफेंदीच्या माणसाने विचारले.

"नाही."

"मग?"

"तुझ्या बायकोच्या सावलीतही कोणी भिजत नाही. तिला काय छप्पर म्हणायचं?"

गर्दीत हसू फुटले. हसणाऱ्यांत त्याच्याकडून पाणी घेणारी माणसे होती, कोणीतरी ओरडले, "अरे सोडा त्याला, भिश्ती आहे, मुल्ला नाही." क्षणभर पुढचे लोक मागे सरल्यासारखे झाले. एवढ्यात मागून दगड आला आणि सत्तूफच्या तोंडावर बसला. दात तुटले. हसू थांबले, आणि थांबल्याचा राग लोकांना जास्त आला.

त्याने हातात सापडलेला पहिला माणूस भिंतीवर आपटला, दुसऱ्याच्या डोळ्यात अंगठा घातला. मग तो खाली पडला आणि लाथा सुरू झाल्या. बरगडी मोडल्याचा आवाज समोरच्या दुकानदाराने ऐकला. सत्तूफ सराईच्या गच्चीकडे तोंड करून एकदा ओरडला, "हकीम, यांना सांगा." गच्चीवर हकीम होता. तो खाली धावला, पण सराईचा दरवाजा दंगा दिसताच आतून अडसर लावून बंद केला होता, आणि फिरंगी व्यापाऱ्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून ठेवले.

कद्दूर आला तो कसाईखान्यातून, चार-पाच खाटकांसह, कोयता हातात घेऊन. त्याने गर्दी पाहिली. एवढ्या माणसांशी लढून काही उरणार नव्हते. तो वाट काढत आत शिरला, सत्तूफच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि मोठ्याने विचारले, "पाणी कोणत्या हातात होतं?"

कोणालाच माहीत नव्हते. ते दोन्ही हातांत होते.

"उजव्या," कोणीतरी म्हणाले.

"मग हात घ्या आणि माणूस सोडा. पाणी हातानं नेलं. डोक्यानं नेलं नाही. याच्यापुढे कोणी हात लावला तर तो माझ्याशी."

सत्तूफ त्याच्याकडे पाहत होता. तोंडात रक्त होते; तो काहीतरी म्हणाला, ते कद्दूरलाच ऐकू आले असेल. कद्दूरने त्याचे मनगट दुकानाच्या उंबऱ्यावर दाबले. रोज मेंढ्या तोडणारा तो माणूस, पण पहिला घाव वाकडा पडला, हाडावरून घसरला. दुसऱ्याने तुटले. कद्दूरने हात उचलून गर्दीत भिरकावला. पुढचे लोक दचकून बाजूला झाले, आणि ज्यांच्या पायांशी तो पडला ते तिथे फार वेळ थांबले नाहीत. एफेंदीच्या माणसांना आणखी हवे होते. पण मागचा मोहल्ला आता पांगायला लागला होता.

खाटकांनी सत्तूफला कद्दूरच्या दुकानात नेले. कढईत मेंढीच्या शेपटीची चरबी कढत होती. कद्दूरने मनगटाचे टोक त्यात बुडवले. तेव्हा सत्तूफ ओरडला, त्याआधी नाही.

हकीम दुसऱ्या दिवशी मलमपट्टी घेऊन घरी आला. शम्साने दार अर्धेच उघडले.

"मी फक्त पाहिलं तेवढंच बोललो," तो म्हणाला.

"डोळे इथं सगळ्यांनाच आहेत, हकीम. जीभ कुठे ठेवायची ते आम्ही लहानपणी शिकतो."

"मला त्याची जखम पाहू दे."

"पुष्कळ पाहिलंत," ती म्हणाली. पण मलम घेतले, आणि मग दार लावले.

शहरात जे म्हटले जाई ते दोन प्रकारचे होते. काही म्हणत, कद्दूरने मेव्हण्याचा जीव वाचवला. काही म्हणत, त्याने आपल्या पाच शेतांचा सूड घेतला आणि वर उपकारही मिरवला. शम्साला कोणी विचारले तर ती म्हणे, "पहिला घाव वाकडा पडला. त्यातून काय समजायचं ते तुम्हीच समजा." भावाच्या हातचे मांस तिने पुन्हा घेतले नाही. सत्तूफने मात्र मेव्हण्याविषयी बरे-वाईट काहीच सांगितले नाही. बरगड्या जुळल्यावर तो पुन्हा विहिरीवर उभा राहिला. शिवलेल्या डाव्या हाताने तो दोर ओढी आणि दातांनी धरी. पुढचे दात नसल्याने दोर दाढांत घ्यावा लागे. पहिल्या दिवशी कोणीतरी मागून "छतवाला" म्हणाले. सत्तूफने दोर सोडला, मागे वळला आणि त्या माणसाला मनगटाच्या थोट्याने असे मारले की तो विहिरीच्या कठड्यावर आडवा झाला. थोटे फुटून रक्त आले. रांगेतला पुढचा माणूस बाजूला झाला आणि म्हणाला, "चल, तुझी पाळी."

त्याच्या गिऱ्हाइकांत फिरंग्यांची सराई राहिली नाही. बाकीची राहिली. सराईजवळच्या त्या गल्लीतूनही तो पाणी नेत असे, पूर्वीसारखेच, थांबून वर न पाहता.

सन १७६१ च्या उन्हाळ्यात हलबमध्ये प्लेग पसरला आणि कद्दूर त्यात मेला. त्याचे प्रेत न्हाणण्यासाठी लागणारे पाणी सत्तूफने वाहिले.